वजनदार माणसांची खतावणी

आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत ज्या विषयांवर भांडणं व्हायला हवीत, त्यांवर ती कधीच होत नाहीत. बदल्या, बढत्या, महागाई भत्ता आणि बंद पडलेला पंखा या बाबतीत आमचं संपूर्ण एकमत आहे. आम्ही भांडतो ते आमचा ज्याच्याशी काडीइतकाही संबंध नाही अशा गोष्टींवर. मागे एकदा वाघ आणि पांढरं अस्वल यांची गाठ पडली तर कोण कोणाला खाईल, यावरून आवक-जावक आणि कर्जखातं या दोन टेबलांत महिनाभर अबोला होता. वाघ-अस्वलाची गाठ अजून पडलेली नाही. पण त्या दोन टेबलांमधली फाइल मात्र अजूनही शिपायामार्फतच जाते.

ही गोष्ट २०२५ च्या मार्चमधली. मार्चअखेर म्हणजे बँकेत लग्नघर आणि सुतक एकाच मांडवात. त्या धामधुमीत पेपरात बातमी आली, की जॉर्ज फोरमन २१ मार्चला वारला. आमचे हेड कॅशियर, ज्यांना शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळेच काका म्हणतात, त्यांनी पोळीचा तुकडा भाजीसकट हवेत धरून ठेवला आणि निकाल दिला,

"मोठा होता. पण सार्वकालिक थोर म्हणता यायचं नाही."

"मग कोणाला म्हणता येईल, काका?"

"रॉकी मार्सियानो! ४९ सामने, ४९ विजय. एक हार नाही, एक बरोबरी नाही. पुस्तक कसं स्वच्छ पाहिजे!"

काकांचं बरोबर आहे. चौतीस वर्षं नोटा मोजून त्यांची रोकड एका रुपयानेही कमी आलेली नाही. अशा माणसाला मार्सियानो आवडणार नाही तर कोण आवडणार? मी आपला सवयीने 'महंमद अली' म्हणालो, आणि जेवणाच्या टेबलाचं रिंग झालं.

आता मुष्टियुद्धावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कोणीही विचारील. माझं वजन छत्रीसकट ५४ किलो. हेवीवेट गटात उतरायचं तर आज २०० पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ ९१ किलोंच्या वर वजन लागतं. त्यासाठी मला आमच्या हिला खांद्यावर घेऊन रिंगमध्ये उतरावं लागेल, आणि मग पंचांना आत यायचं धैर्य होणार नाही. आयुष्यात मी एकदाच ठोसा खाल्ला आहे. तो दादरला, लोकलमध्ये. आणि तोही दुसऱ्यासाठी होता. पण टीका करायला आधी मार खाल्लेला असावा, अशी अट असती तर मराठीत समीक्षा नावाचा प्रकारच जन्माला आला नसता.

शिवाय या खेळाची भाषाच मुळात गंमतशीर. रिंग म्हणतात, आणि ती असते चौकोनी. इंग्रजीत पंच मारतात, मराठीत पंच मोजतात, तेही दहापर्यंतच. आम्ही कॉमर्सवाले निदान शंभरच्या पुढे मोजतो. तेव्हा हा निवाडा एखाद्या कॉमर्सवाल्यानेच करावा हे उत्तम.

खरं सांगायचं तर या प्रश्नाने मला बऱ्याच वर्षांपूर्वी धरलं आहे. १९९६ साली मी अकरावी कॉमर्सला होतो. अटलांटाच्या ऑलिंपिकचं उद्घाटन टीव्हीवर चाललं होतं. शेवटी एक धिप्पाड माणूस मशाल घेऊन उभा राहिला. एका हातात मशाल, आणि दुसरा हात नुसता थरथरतोय. वडील खुर्चीतून पुढे सरकून म्हणाले, "हा अली! जगातला सगळ्यांत मोठा बॉक्सर!" मी त्या हाताकडे बघत राहिलो. ज्याला स्वतःचा हात धरून ठेवता येत नाही, तो सगळ्यांत मोठा कसा? वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तुला नाही कळायचं." हे उत्तर आमच्या घरात हिशेबापासून प्रेमविवाहापर्यंत सगळ्याला चाले. पण प्रश्न राहिलाच.

तर प्रथम काकांची कसोटी. स्वच्छ पुस्तक.

मार्सियानो १९५२ ते १९५६ जगज्जेता होता. ४९ पैकी ४३ जण त्याने ठोसा मारून संपवले. त्याला कमी लेखणाऱ्याने स्वतःच्या दातांची काळजी घ्यावी. १९५२ साली फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता, आणि तेराव्या फेरीत त्याने एकच उजवा ठोसा असा मारला की वॉलकॉट दोराला अडकून हळूहळू खाली घसरला. दोन वर्षांनी एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक उभं फाडलं. रक्त थांबेना, सामना थांबवण्याची पाळी आली. आणि नाक हातात येण्यापूर्वी मार्सियानोने चार्ल्सला आठव्या फेरीत झोपवलं. माणूस खणखणीत होता, यात वाद नाही.

पण ऑडिटर नुसती शिल्लक बघत नाही, व्यवहार कोणाशी झाले तेही बघतो. मार्सियानोने जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. वॉलकॉट ३८ चा. आर्ची मूर चाळिशीच्या उंबरठ्यावर. ही सगळी मोठी घराणी होती, पण पडत्या काळातली. मार्सियानोने वाडे जिंकले. फक्त आत राहणारी माणसं बरीचशी गच्चीवर उन्हात बसायच्या वयाची होती. यात त्याचा दोष नाही. समोर जे होते त्यांना त्याने मारलं. तरीपण ४९ हा आकडा बोलतो त्याहून थोडं अधिक बोलून जातो.

काकांना मी हे सौम्य शब्दांत सांगितलं. काकांच्या चौतीस वर्षांपैकी पहिली दहा एका आडगावच्या शाखेत गेली, जिथे बाजाराचा दिवस सोडला तर कॅशच्या खिडकीत फक्त माशी यायची, हे मात्र मी सांगितलं नाही. त्यांच्या डब्यातलं लोणचं मला अजून हवं होतं.

दुसरी कसोटी आमच्या शाखेतल्या तरुण मंडळींची. त्यांचं मत एकच: टायसन. का? तर "काय मारायचा, सर!"

मारायचा हे खरंच. १९८६ साली माइक टायसन वयाच्या विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात तो मान कोणालाच मिळालेला नाही. १९८८ साली मायकेल स्पिंक्स आजवर एकदाही न हरलेला म्हणून त्याच्यासमोर उभा राहिला, आणि ९१ सेकंदांत आडवा झाला. ९१ सेकंदांत आमच्याकडे साधं पासबुक भरून मिळत नाही. टायसनच्या समोर येणारे लोक पहिली घंटा व्हायच्या आधीच हरलेले असायचे. भीती हे त्याचं भांडवल होतं आणि त्यावर तो चक्रवाढ व्याज घेत होता.

मग ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लस नावाचा माणूस आला. त्याच्यावर पैजेचा भाव ४२ ला १ होता. डग्लसची आई थोड्याच दिवसांपूर्वी वारली होती. ज्याचं सगळ्यात मोठं नुकसान आधीच होऊन गेलंय त्याला तुम्ही कसली भीती घालणार? दहाव्या फेरीत टायसन पडला. त्याचं दातांवरचं रबर खाली पडलं होतं, आणि अख्ख्या जगाला घाबरवणारा तो माणूस गुडघ्यांवर रांगत ते शोधत होता. सापडलं, तर वाकडंच तोंडात घातलं.

पडल्याबद्दल मी टायसनचे मार्क कापत नाही. पडतो तो माणूस. पण पुढचं बघा. डग्लस, होलीफील्ड, लेनॉक्स लुइस. ज्यांनी ज्यांनी टायसनला हरवलं, त्यांच्यापैकी एकालाही त्याने पुढे कधी हरवलं नाही. होलीफील्डला पुन्हा भेटला तो १९९७ साली, आणि हिशेब चुकता करायला गेला तो दातांनी. कान ही हेवीवेटमधली मान्यताप्राप्त मालमत्ता नव्हे.

उलट तो लेनॉक्स लुइस बघा. गडी फारसा लोकप्रिय कधी झाला नाही. सभ्य, लांब हातांचा, बुद्धिबळ खेळणारा. सगळ्या कारकिर्दीत तो फक्त दोघांकडून हरला, ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान. आणि दोघांनाही परत गाठून त्याने मारलं. दोन चेक परत आले, दोन्ही वसूल. आमच्या वसुली विभागात त्याची तसबीर लावायला हवी.

तिसरी कसोटी आमच्या मॅनेजरसाहेबांची. ते डबा खायला केबिनमध्ये बसतात, पण कान बाहेर ठेवतात. ते दारात येऊन म्हणाले, "सीनिऑरिटी बघा. खुर्चीत कोण किती वर्षं टिकला?"

या हिशेबाने जो लुईपुढे कोणी उभाच राहू शकत नाही. १९३७ ते १९४९, जवळजवळ बारा वर्षं तो जगज्जेता. २५ वेळा त्याने किताब राखला. तो विक्रम आजही मोडलेला नाही. लॅरी होम्सनेही २० वेळा राखला. पण लुईचं नाव घेतलं की लोक मान डोलवतात, आणि होम्सचं घेतलं की "हां, तोही होता" म्हणतात. हे असं का?

लुईच्या पंचवीस प्रतिस्पर्ध्यांतही भरताड पुष्कळ होतं. एका काळात तो दरमहा एकेकाला झोपवत असे, तेव्हा पत्रकार त्याला 'या महिन्याचा फडतूस' म्हणत. पण लुईच्या खात्यात एक नाव असं होतं की ते एकटंच बाकीच्या चोवीसांना पुरून उरावं. मॅक्स श्मेलिंग. या जर्मन मुष्टियोद्ध्याने १९३६ साली न हरलेल्या लुईला बाराव्या फेरीत संपवलं होतं. पुढच्या वर्षी लुई जगज्जेता झाला. पण श्मेलिंगला मारल्याशिवाय तो स्वतःला जगज्जेता म्हणवून घ्यायला तयार नव्हता. नेमणूकपत्र हातात आहे आणि माणूस खुर्चीत बसायला तयार नाही, असं आमच्या खात्यात तरी पाहिलेलं नाही.

२२ जून १९३८ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये दोघे पुन्हा भेटले. जर्मनीत हिटलर, आणि इकडे एका काळ्या माणसाच्या मुठीवर सबंध अमेरिकेची अब्रू. त्याच अमेरिकेची, जिच्या निम्म्या हॉटेलांत त्याला जेवायला बसू दिलं नसतं. १२४ सेकंदांत सामना संपला.

ही झाली अर्धी नोंद. उरलेली अर्धी मला जास्त मोलाची वाटते. युद्धाच्या काळात लुईने दोन सामन्यांची कमाई सैन्याच्या आणि आरमाराच्या मदतनिधीला देऊन टाकली. पुढे करखातं त्याच्या मागे असं लागलं, की निवृत्त झालेला माणूस केवळ कर भरायला पुन्हा रिंगमध्ये उतरला, आणि ३७ व्या वर्षी मार्सियानोच्या ठोशाने दोरांतून बाहेर पडला. म्हातारपणी लास व्हेगासच्या एका जुगारखान्यात तो येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हात मिळवायच्या नोकरीवर होता. अशा वेळी त्याला पैशाची मदत कोणी करावी? श्मेलिंगने. १९८१ साली लुई गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चालाही त्याने हातभार लावला.

होम्सच्या खात्यात श्मेलिंग नव्हता. एवढंच. डाव्या हाताचा त्याचा ठोसा सुईसारखा सरळ जायचा. ४८ सामने तो हरला नाही. ४९ व्यात, १९८५ साली, मार्सियानोच्या आकड्यापासून एक पाऊल अलीकडे घसरला. पण अलीचा जमाना सरत होता आणि टायसनचा उगवला नव्हता, अशा मधल्या वेळेत तो राजा झाला. रंगमंचावर नायक उभा, आणि दुसरा कोणी आलाच नाही. नाटकाचं नाव कसं होणार?

चौथी कसोटी आमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाची. तो म्हणाला, "सगळ्यांचा डेटा घालायचा, सर, आणि मशीनला विचारायचं."

बाळा, हे करून झालंय! १९६७ साली अमेरिकेत एका रेडिओवाल्याने सगळ्या काळांतले जगज्जेते कॉम्प्युटरमध्ये घालून त्यांच्या स्पर्धा लावल्या. त्यात अली जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज तेव्हा मरून चौदा वर्षं झाली होती. अलीने दहा लाख डॉलरची फिर्याद ठोकली. शेवटी तडजोड होऊन १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो यांना समोरासमोर उभं करून खोटी लढत चित्रित केली गेली. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट वेगवेगळे घेऊन ठेवले होते. कॉम्प्युटरने अमेरिकेतल्या प्रेक्षकांना निकाल सांगितला: तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी. तो निकाल ऐकायला मार्सियानो मात्र नव्हता. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, आपल्या ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो विमान अपघातात गेला होता.

तेव्हा यंत्राचं मला काही सांगू नका. आमच्याही यंत्राने एकदा एका जिवंत पेन्शनरला मृत ठरवलं होतं. ते गृहस्थ खिडकीशी उभे राहून "मी आहे, मी आहे" म्हणत होते आणि आम्ही स्क्रीनकडे बोट दाखवत होतो.

"मग तुमची कसोटी काय ती सांगा ना," काका डबा बंद करत म्हणाले.

माझी कसोटी साधी आहे आणि ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दुहेरी नोंद. एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या जमा होत नाही. कोणाही जगज्जेत्याचं जमेचं पान बघून भुलू नये; समोरचं नावेचं पान उघडावं. तिथे कोण आहेत? ते कोणत्या वयात, कोणत्या ताकदीत समोर आले? ज्याने आपल्याला मारलं त्याच्या दारात हा परत गेला की नाही? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या पानावर कोणाचं नाव असायला हवं होतं आणि नाही?

हा शेवटचा प्रश्न विचारला की मोठमोठ्यांच्या वह्या चाळवतात. जॅक जॉन्सन घ्या. पहिला काळा जगज्जेता. गोरे जगज्जेते त्याच्याशी लढायलाच तयार नव्हते. टॉमी बर्न्सचा जगभर पाठलाग करत तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि १९०८ साली सिडनीला त्याला मारून किताब घेतला. १९१० साली त्याने जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत दंगली उसळल्या, माणसं मेली. त्या माणसाने काय सोसलं याचा हिशेब मांडायला माझी वही पुरायची नाही. पण त्याच जॉन्सनने गादीवर बसल्यावर सॅम लँगफर्डला एकदाही किताबासाठी संधी दिली नाही. लँगफर्डही काळाच, उंचीने जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, पण ज्याच्याशी लढायला भलेभले कचरत असा. जॉन्सनने त्याला १९०६ साली एकदा हरवलं होतं, आणि तेवढ्यावरून पुन्हा वाटेला न जाण्याइतका शहाणपणा घेतला होता. ज्या दारावर स्वतः वर्षानुवर्षं धडका मारल्या, तेच दार त्याने आत गेल्यावर लावून घेतलं. पुढे जॅक डेम्प्सी आला. त्याने १९१९ साली धिप्पाड विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं; पण हॅरी विल्स या काळ्या आव्हानवीराशी त्याचा सामना शेवटपर्यंत झाला नाही. आयोजक, राजकारण, कारणं पुष्कळ. वहीत कारणं लिहीत नाहीत, रकमा लिहितात. तिथे जागा कोरी आहे.

लँगफर्ड पुढे आंधळा झाला. १९४४ साली एका पत्रकाराने त्याला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका खोलीत कंगाल अवस्थेत शोधून काढलं. ज्याला कधी किताबाची संधीच मिळाली नाही, तो कदाचित सगळ्यांत थोर असेल. त्याचं खातंच उघडू दिलं नाही.

आता अली. माझ्या दुहेरी नोंदीत हाच पास होतो. आणि तो हरला म्हणून पास होतो.

१९६४ साली त्याने सनी लिस्टनला हरवलं. तेव्हा लिस्टन म्हणजे रस्त्यात दिसला तर फुटपाथ बदलावा असा माणूस. सहा फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. १९६७ साली अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब काढून घेतला, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. ती अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली रद्द केली, पण दरम्यान साडेतीन वर्षं त्याला लढू दिलं नाही. पंचविशी ते अठ्ठाविशी. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली ही मुदत ठेव. ती बँकेने गोठवली, आणि मोकळी केली तेव्हा व्याज दिलं नाही.

परत आला तो पायातली चपळाई हरवून. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये न हरलेला अली आणि न हरलेला जो फ्रेझर समोरासमोर आले. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा ठोसा जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. त्या ठोशानंतर माणसाने उठू नये. तो लगेच उठला, आणि हरला. १९७३ साली केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. आणि याच फ्रेझरला जॉर्ज फोरमनने किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत गुंडाळलं. त्रैराशिक मांडा. अलीला हरवणाऱ्यांना फोरमन असा मारतो, तर अलीचं काय होणार? उत्तर शाळेतल्या पोरालाही येईल.

३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात ते उत्तर चुकलं. अलीने दोरांना पाठ टेकली आणि फोरमनला मारू दिलं. सात फेऱ्या त्याने दंडांवर, बरगड्यांवर ठोसे घेतले. फोरमनचे हात थकले, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला खाली बसवलं. फ्रेझरला परत मारलं, नॉर्टनला परत मारलं, १९७८ साली लिऑन स्पिंक्सकडे गेलेला किताब त्याच वर्षी परत घेतला. ज्यांनी ज्यांनी त्याला ऐन उमेदीत हरवलं, त्यांच्यापैकी एकाचीही बाकी त्याने ठेवली नाही.

फोरमनचंही सांगून टाकतो, कारण विषय त्याच्या मरणावरून निघाला. किन्शासाने तो मोडला. पुढे धर्मोपदेशक झाला, दहा वर्षं रिंगपासून दूर राहिला, पाचही मुलांची नावं जॉर्ज ठेवली. (एकाच पत्त्यावर सहा जॉर्ज फोरमन! आमच्या के.वाय.सी.वाल्याला भोवळ आली असती.) आणि १९९४ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, किन्शासात घातलेलीच चड्डी घालून उतरला आणि पुन्हा जगज्जेता झाला. काका, याला थोर नाही म्हणायचं?

"बरं, म्हणा," काका म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

पण आता माझाही उतरला. कारण वही उघडली की खर्चाची बाजूही वाचावी लागते. किन्शासातले ते ठोसे आम्ही डावपेच म्हणून वाखाणतो; ते शरीरात गेले होते. १९७७ साली अलीच्या डॉक्टरने 'आता थांब' म्हणून काम सोडलं. अली थांबला नाही. १९८० साली ३८ व्या वर्षी तो होम्ससमोर उभा राहिला, आणि होम्स त्याला मारताना पंचांकडे बघत होता, की कोणी तरी हे थांबवा. दहा फेऱ्यांनंतर थांबवलं. होम्स नंतर रडला. १९८४ साली अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं. १९९६ साली मी टीव्हीवर पाहिला तो हात त्या खात्यातलाच. वडिलांना जे सांगता आलं नव्हतं ते मला आता सांगता येतं: तो थोर असूनही हात थरथरत होता असं नाही. ज्या दिवसांमुळे तो थोर, त्याच दिवसांचं बिल होतं ते. आणि ते दिवस बघायला तिकिटं काढली होती आमच्यासारख्या छत्रीसकट ५४ किलोंच्या माणसांनी.

शिवाय नावेच्या पानावर फ्रेझर आहे. अलीच्या बंदीच्या काळात त्याला मदत करणारा फ्रेझर. आणि त्याच फ्रेझरला अली चारचौघांत गोरिला म्हणाला, खेळण्यातलं माकड दाखवून हसला. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाच्या उकाड्यात दोघांनी चौदा फेऱ्या एकमेकांचा जीव काढला. फ्रेझरचा एक डोळा सुजून मिटला होता, आणि दुसऱ्याने मुळातच कमी दिसे, हे त्याने पुढे सांगितलं. त्याचा गुरू एडी फच याने त्याला पंधराव्या फेरीला उठू दिलं नाही. अली जिंकला, आणि जिंकल्यावर कोसळला.

त्यानंतर अली जगाचा झाला. फ्रेझर फिलाडेल्फियात आपल्या तालमीच्या वरच्या खोलीत राहिला. त्या शहराने रॉकी नावाच्या सिनेमातल्या, कधी जन्मालाही न आलेल्या बॉक्सरचा पुतळा मिरवला. फ्रेझरचा पुतळा उभा राहिला २०१५ साली, त्याच्या मृत्यूनंतर. अपमान तो वर्षानुवर्षं विसरला नाही. १९९६ च्या त्या मशालीच्या वेळीही त्याच्या तोंडून कडवट शब्दच निघाले. २००१ साली अलीने जाहीर क्षमा मागितली. उशिराने भरलेला हप्ता, पण भरला.

"म्हणजे तुमचं म्हणणं, अली थोर की फ्रेझर?" काकांनी घड्याळाकडे बघत विचारलं. दोन वाजायला आले होते.

"जॉइंट खातं आहे, काका. एकाचं नाव काढलं तर दुसऱ्याला पैसे मिळत नाहीत."

"ऑपरेशन कसं?" काका सवयीने म्हणाले.

"आयदर ऑर सर्व्हायव्हर."

७ नोव्हेंबर २०११ ला फ्रेझर गेला. फिलाडेल्फियात त्याच्या अंत्यविधीला अली आला होता. बोलणं जवळजवळ थांबलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. धर्मगुरूंनी लोकांना उभं राहून फ्रेझरला मान द्यायला सांगितलं, तेव्हा अली उठला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच हातांनी.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी डबा पिशवीत ठेवला, लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि कॅशच्या खिडकीकडे गेले. बाहेर रांग लागली होती.